'झेनसुन्नी' : जोडून की तोडून?

प्रश्न असा : फ्रँक हर्बर्टच्या 'ड्यून' (१९६५) या विज्ञानकादंबरीतल्या धर्मांची नावं मराठीत कशी लिहायची, आणि अशा धर्मांना 'संकरधर्म' म्हणता येईल का?

'संकर' नको. ज्वारीच्या बियाण्याला तो शोभतो. धर्माशेजारी बसला की 'वर्णसंकर' आठवतो आणि शब्दाला निंदेचा वास येतो. 'समन्वय' म्हणजे कुणीतरी बसून, विचार करून घातलेला मेळ. तो 'ऑरेंज कॅथलिक बायबल'ला नेमका लागू पडतो, कारण कादंबरीत तो ग्रंथ आयोग नेमून सिद्ध केलेला आहे. जे पंथ पिढ्यान्‌पिढ्या आपसूक मिसळत गेले, त्यांना साधं 'मिश्रपंथ' पुरे.

आता झेनसुन्नी, म्हणजे झेन बौद्धमत आणि सुन्नी इस्लाम यांच्या नावांचा मेळ. हा शब्द जोडूनच लिहावा, मध्ये संयोगचिन्ह अजिबात नको. मराठीत ते चिन्ह 'आणि'चं काम करतं. शिया-सुन्नी, हिंदू-मुस्लिम म्हटलं की दोन गट समोरासमोर उभे राहतात. 'झेन-सुन्नी' वाचणारा पुढे 'तणाव' किंवा 'ऐक्य' शोधेल. कादंबरीत मात्र हा एकच पंथ आहे, मूळ शिकवणीपासून फुटून निघालेला. त्याच्या अनुयायांना त्या नावातला सांधा जाणवतही नसणार. विभक्ती लावताना 'झेनसुन्नींचा' करावं. 'झेनसुन्न्यांचा' कानाला खटकतं.

'महायान ख्रिश्चॅनिटी'चं तसं नाही. तिथे पहिलं पद दुसऱ्याचं विशेषण आहे, म्हणून 'महायानी ख्रिस्तमत', दोन सुटे शब्द.

खरी गंमत 'बुद्दिस्लामिक'मध्ये आहे. इंग्रजीत 'बुद्धिझम'ची शेपटी आणि 'इस्लाम'चं डोकं एकाच 'इस'वर बेमालूम बसतं. मराठीत बौद्ध + इस्लामी असा गुणसंधी केला तर 'बौद्धेस्लामी' होतं : व्याकरणाने चोख, पण 'इस्लाम'चा 'इ'च गिळला गेला. 'बौद्धइस्लामी' लिहिलं तर टाका दिसतो. त्यामुळे 'बुद्दिस्लामी' हेच ठेवावं. 'द'ला 'ध' जोडून ते 'सुधारू' नये. 'बुद्धिस्लामी' केलं की वाचक 'बुद्धी' वाचतो.

'नवख्रिस्ती'त सापळा उलटा आहे. मुळातल्या 'नवाख्रिश्चॅनिटी'मधला 'नवा' हा आपलाच 'नव', त्यामुळे भाषांतर आयतं हाती आल्यासारखं वाटतं. पण १९५६ नंतर रुळलेल्या 'नवबौद्ध'च्या धर्तीवर आपल्याकडे 'नवख्रिस्ती' म्हणजे नुकताच धर्मांतर केलेला माणूस असं वाचलं जाईल. 'नवख्रिस्तमत' म्हटलं की माणूस बाजूला होतो आणि मत उरतं.

राहिला 'ऑरेंज'. इथे 'नारिंगी' चूक, आणि 'भगवं' तर अनर्थ! हे नाव मुळात रंगाचं नाही; दक्षिण फ्रान्समधल्या ऑरेंज या संस्थानावरून एका राजघराण्याला ते मिळालं. त्याच घराण्यातल्या तिसऱ्या विल्यमने १६९० मध्ये आयर्लंडात बॉइन नदीकाठी कॅथलिक राजा दुसऱ्या जेम्सचा पराभव केला, तेव्हापासून आयर्लंडात 'ऑरेंज' म्हणजे कट्टर प्रॉटेस्टंट. म्हणजे 'ऑरेंज कॅथलिक' हा शब्दप्रयोगच हाडवैऱ्यांना एका पंगतीत बसवतो. इंग्रजी वाचकाला तो टोमणा नावातूनच लागू शकतो; मराठीत 'ऑरेंज कॅथलिक बायबल' तसंच ठेवून पहिल्या उल्लेखाला एका ओळीची तळटीप द्यावी.