हप्ता आणि हँडपीस

प्रिय डॉक्टरीणबाई,

अनेक आशीर्वाद. फोटो पाहिले. सिंहगड रोडवरचा गाळा, पिस्ता रंगाच्या भिंती आणि मधोमध ते नवं क्यू-स्विच्ड लेझर मशीन, झेंडूचा हार घातलेलं. खाली तू लिहिलंयस, "मॅडम, पुढच्या महिन्यापासून हप्ता सुरू, आशीर्वाद असू द्या." आशीर्वाद आहेतच. बोलायचंय ते त्या मशीनच्या हप्त्याबद्दल. फोनवर तू नुसतं "हो मॅडम, हो मॅडम" करतेस, म्हणून लिहिते.

हप्ता पाच तारखेला जाईल. पंचवीस तारखेला समोर एक मुलगी बसेल, गालावर डाग, तुळशीचं लग्न लागलं की हिचा मुहूर्त. ती स्वतःच म्हणेल, लेझर करा. अशा वेळी हात मशीनच्या हँडपीसकडे कसा जातो ते मला माहीत आहे, कारण माझा गेला होता.

प्रॅक्टिसची सुरुवातीची वर्षं. एक कॉलेजची मुलगी, हडपसरहून रोज स्कूटीवर यायची. गालांवर तपकिरी ठिपके. मे महिना होता, चेहरा उन्हाने रापलेला, आणि मी 532 नॅनोमीटरची तरंगलांबी लावली, हिरवा प्रकाश. प्रत्येक शॉटला ठिपका पांढुरका पडताना बघून मला बरं वाटत होतं. आठवड्याने खपल्या पडल्या, गाल स्वच्छ. तिने पेढे आणले. पाचव्या आठवड्यात ती आली तेव्हा तोंडावरचा स्कार्फ सोडेना. आत जिथे जिथे शॉट पडला होता तिथे गोल तपकिरी डाग, पोस्टाचे शिक्के मारावेत तसे, एकसारख्या मापाचे. आई शेजारी बसली होती. ती एवढंच म्हणाली, "अहो, आधीचे डागच बरे होते." ते शिक्के फिके व्हायला आठ महिने लागले. तेवढे महिने मी तिच्याकडून फी घेतली नाही, पण त्याने काय होतंय.

चूक मशीनची नव्हती. अँडरसन आणि पॅरिश यांनी 1983 साली मांडलेलं सूत्र तू परीक्षेत लिहिलंयस: योग्य रंगाचा प्रकाश, अगदी आखूड पल्स, म्हणजे ज्याला मारायचंय तेच तापेल, शेजारी वाचेल. गोऱ्या कातडीत हे सोपं जातं, डागात मेलॅनिन, म्हणजे त्वचेचं रंगद्रव्य, आणि भोवती जवळजवळ काही नाही. आपल्याकडे शेजारीही मेलॅनिनच. रंगाच्या पेशी आपल्यातही तेवढ्याच असतात, पण त्या बनवतात ते मेलॅनिनचे कण मोठे आणि भरगच्च. 532 ला हे वरचं मेलॅनिन अधाशासारखं शोषतं. 1064 ला, त्याच मशीनच्या लांब तरंगलांबीला, कमी शोषतं, प्रकाश खोल जातो, म्हणून आपल्या लोकांसाठी तेच त्यातल्या त्यात सुरक्षित. आणि आपली त्वचा रागावली की लाल होऊन थांबत नाही, काळी पडते. मुरुमाने पडते, चटक्याने पडते, तुझ्या लेझरनेही पडते.

कंपनीचा माणूस तुला सेटिंगचा तक्ता लॅमिनेट करून देईल. त्यात फिट्झपॅट्रिकचे प्रकार, म्हणजे उन्हात त्वचा भाजते की काळी पडते यावरून केलेले गट, लिहिलेले असतील. हे वर्गीकरण 1975 चं, प्रकाशोपचाराचा डोस ठरवण्यासाठी केलेलं, आणि सुरुवातीला त्यात चारच प्रकार होते, सगळे गोऱ्यांचे. पाचवा आणि सहावा नंतर जोडले. म्हणजे मूळ यादीत आपल्यातले बरेच जण नव्हतेच. तक्ता भिंतीवर लाव, हरकत नाही, पण सुरुवात त्यातल्या आकड्याहून कमीने कर. कानापुढे किंवा जबड्याखाली एक टेस्ट स्पॉट मार आणि चार ते सहा आठवडे वाट बघ. पेशंट कुरकुर करेल. करू दे.

त्याहून महत्त्वाचं, डाग कसला आहे ते आधी ठरव. काळे डाग हे पेशंटचं वर्णन झालं, निदान नव्हे. डर्मोस्कोप, त्वचा मोठी करून दाखवणारं ते भिंग, ड्रॉवरमध्ये नको, गळ्यात हवं. मानेवर जाड मखमली काळेपणा दिसला तर लेझर विसर, वजन आणि साखर बघ. पाठीवर, दंडावर लाटांसारखे काळपट पट्टे असतील तर वज्री किंवा घासणी कोण किती जोरात फिरवतं ते विचार. कपाळाच्या कडेने आणि मानेवर राखाडी छटा पसरली असेल तर केसांना काय लावता, कुंकू कुठलं, हे विचार. तसल्या खोल राखाडी रंगावर लेझर फारसं चालत नाही. मुरुमांचे डाग बहुतेक वेळा मुरुम थांबवले, ऊन टाळलं आणि धीर धरला की आपणच उतरतात. तुझं मशीन खरं चमकेल ते डोळ्याभोवतीच्या निळसर डागावर, म्हणजे नेव्हस ऑफ ओटावर, आणि गोंदणावर. भरतीच्या आधी हातावरचं नाव काढायला येणारी पोरं तुझा हप्ता भरतील, त्यांच्या काळ्या शाईला 1064 उत्तम. डोळ्याजवळ काम असलं की पापणीखाली धातूची शील्ड घातल्याशिवाय पेडलवर पाय ठेवायचा नाही.

राहिलं वांग. सगळ्यात जास्त पेशंट त्याचेच येतील आणि सगळ्यात जास्त मोह तिथेच होईल. दर आठवड्याला हलक्या लेझरचं टोनिंग, दहा सेशनचं पॅकेज, फोटोत महिनाभर सुंदर फरक. मग बंद केलं की वांग परत, कधी आधीपेक्षा गडद. आणि वारंवार मारत राहिलं तर काही जणींच्या गालावर तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे ठिपके उठतात, त्यातले काही भरूनच येत नाहीत. काळ्या डागावर उपाय सापडतो गं, या पांढऱ्यावर शोधून दाखव. वांगाला आधी क्रीम, सनस्क्रीन, गरज पडली तर ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडच्या गोळ्या, आणि गोळ्या लिहिण्यापूर्वी रक्ताच्या गाठींचा इतिहास विचारायचाच. लेझर सगळ्यात शेवटी, तेही सांगून की हे बरं होत नाही, आटोक्यात राहतं. माझ्या डाव्या गालावरचं वांग तू पाहिलंयस, धाकट्याच्या वेळेपासूनचं आहे. लेझर मी त्याला कधी दाखवलेलं नाही. पेशंट विचारतात, "मॅडम, तुमचं नाही का काढलं?" याहून चांगलं समुपदेशन मला अजून सुचलेलं नाही.

पहिल्या भेटीला प्रत्येकीला घरातल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून आणायला सांग. मैत्रिणीने दिलेली, मेडिकलवाल्याने सुचवलेली, गोरेपणाची म्हणून वर्षभर लावलेली. निम्म्या वेळा त्यात स्टेरॉइड निघेल. 2018 मध्ये ही मलमं चिठ्ठीशिवाय देऊ नयेत असा नियम झाला, तरी पिशवीत ती येतातच. अशा पातळ झालेल्या, लाल चेहऱ्यावर शॉट मारलास तर देवच वाली. ती मलमं आधी सोडवायची, त्याला महिने लागतात.

आणि सनस्क्रीन म्हटलं की आपल्या मुली म्हणतात, स्कार्फ बांधते की! पुण्याची पोरगी डोळे सोडून सगळं गुंडाळून स्कूटी चालवते, त्याचा उपयोग आहेच, पण सिग्नलला उभं राहिल्यावर पातळ ओढणीतून ऊन येतं. शिवाय आपल्या त्वचेला नुसतं अतिनील नाही, डोळ्यांना दिसणारा प्रकाशही काळं करतो. म्हणून आयर्न ऑक्साइडचं, रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन सांग, दोन बोटं भरून, दुपारी पुन्हा. महागडं नको, रोज लावेल असं.

शनिवारी दुपारची ओपीडी संपवून येते. पहिल्या पाच पेशंटचे फोटो एकाच उजेडात, एकाच कोनातून काढून ठेव, मी आल्यावर बघू. आणि तो हार आता काढ, मशीनच्या पंख्यात पाकळ्या जातात.

तुझी,
मॅडम