आजोबांची गेलेली चव आणि अकरावीचे गणित

प्रश्न : माझी मुलगी अकरावी विज्ञान शाखेत आहे. तिच्या आजोबांना तोंडाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घ्यावे लागले. तेव्हा त्यांची चव पूर्ण गेली आणि काही महिन्यांनी हळूहळू परत आली. असे का झाले, यावरच संशोधन करण्याचा तिचा हट्ट आहे. नीटच्या तयारीसाठी तिने गणित सोडावे, असे आम्हांला वाटते. आपले मत काय?
— एक पालक, सांगली

उत्तर : स. न. वि. वि. आधी स्पष्ट सांगतो, तिला गणित सोडायला लावू नका.

तिला पडलेला प्रश्न पेशीजीवशास्त्राच्या मर्माचा आहे. उंदरांवरील अभ्यासांत असे दिसते की रुचिकलिकेतील, म्हणजे जिभेवरच्या चव ओळखणाऱ्या सूक्ष्म पेशीसमूहातील, बहुतेक पेशी जेमतेम काही दिवस ते काही आठवडे जगतात आणि त्यांची जागा नव्या पेशी सतत घेत असतात. किरणांचा परिणाम विभाजन होणाऱ्या पेशींवर अधिक होतो. त्यामुळे जुन्या पेशी मरत राहतात, नव्या येत नाहीत आणि चव जाते. मात्र नव्या पेशी घडवणाऱ्या मूलपेशी तगल्या असतील, तर ती परतू शकते. नवी पेशी केव्हा आणि कोठे घडवायची, हे ठरते पेशींनी एकमेकींना पाठवलेल्या संकेतांवर. त्यांपैकी ‘सॉनिक हेजहॉग’ या प्रथिनाचा संकेत अत्यंत महत्त्वाचा आहे. त्वचेच्या एका कर्करोगावर अमेरिकेत २०१२ साली मान्यता मिळालेले व्हिस्मोडेगिब हे औषध हाच संकेत रोखते, आणि ते घेणाऱ्या अनेक रुग्णांची चव बिघडते. जिभेच्या पुढच्या व मागच्या भागांना वेगवेगळ्या चेता (मेंदूकडे संदेश नेणाऱ्या नसा) जोडलेल्या असतात. चेता तुटली की तिच्या भागातील रुचिकलिका सुकतात आणि ती पुन्हा वाढली की परत उभ्या राहतात. एवढ्याशा अवयवात इतकी देवाणघेवाण चालते, याचे मला आजही अप्रूप वाटते.

‘चव’ या नावाची पदवी मात्र नसते. पुण्याच्या आयसरचा (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेचा) पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम मला तिच्यासाठी योग्य वाटतो. त्याच्या प्रवेशपरीक्षेत जीवशास्त्र, रसायनशास्त्र व भौतिकशास्त्राबरोबर गणिताचेही प्रश्न असतात, म्हणून वरचा आग्रह. तेथे प्रवेश न मिळाल्यास चांगल्या महाविद्यालयातून बीएस्सी, मग एमएस्सी व पीएचडी हा मार्ग खुला आहे. पुण्याचे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आणि खारघरचे अॅक्ट्रेक हे टाटा मेमोरियलचे कर्करोग संशोधन केंद्र येथे पेशी व कर्करोग यांवर संशोधन चालते. बारावीनंतर पीएचडी पूर्ण होईपर्यंत दहा वर्षे लागू शकतात, हे घरात सर्वांनी आजच मान्य करावे. रुग्णांवर स्वतः उपचार करण्याची ओढ तिला असेल, तर वैद्यकीय शिक्षणाचा विचार जरूर करावा. पण आपल्या पत्रात तशी ओढ मला कोठे दिसली नाही.

तूर्त एक काम तिला सांगा. आजोबांना कोणती चव आधी परत आली, गोड की कडू, आणि साधारण किती आठवड्यांनी, हे तिने त्यांच्याजवळ बसून विचारावे आणि तारखांसह वहीत नोंदवावे.