बाळ पोटभर खातं तरी उंची वाढत नाही, आई म्हणून माझं काय चुकतंय?

तुमचं चुकतंय असं आधीच धरू नका. तुम्ही लिहिलंय की मुलगी 12 महिन्यांची आहे, उंचीत मागं आहे आणि घरचे 'आमच्यात सगळे बुटकेच' म्हणून विषय सोडून देतायत. माझ्या थोरलीच्या वेळी आमच्या घरातही हेच चाललेलं. आईबापाच्या उंचीचा थोडाफार फरक असतोच, पण जागतिक आरोग्य संघटनेनं 2006 ला पोरांच्या वाढीचे जे तक्ते काढले त्यासाठी सहा देशांतली पोरं मोजली, त्यात दिल्लीची पण होती, आणि नीट खायला-प्यायला मिळालं तर पाच वर्षांपर्यंत सगळीकडची पोरं जवळपास सारखीच वाढतात असं दिसलं. वर्षाच्या मुलीची लांबी साधारण 74 सेंमी असते. 69 च्या खाली असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवाच. आणि माप झोपवून घ्यायला सांगा, आमच्याकडं नुसतं वजनच बघत होते.

माझ्या बाबतीत घोळ होता डाळीच्या पाण्याचा. वाटी वाटी वरचं पाणी पाजायचे मी, भाताची पेज द्यायचे, पोट टम्म व्हायचं पण अंगाला काही लागायचं नाही. अंगणवाडीतल्या ताईंनी चमचा तिरका करून दाखवला, घास घरंगळला नाही पाहिजे एवढं घट्ट हवं म्हणाल्या. मग डाळभात कुस्करून त्यात तूप, नाचणीची खीर, उकडलेलं अंडं, दिवसातनं तीन-चार वेळा, आणि अंगावरचं दूध चालूच. जुलाब झाले तरी खाणं बंद करायचं नाही, ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून द्यायच्या, कारण सारखे जुलाब झाले की खाल्लेलं वाया जातं. पोटात असल्यापासून ते दोन वर्षांचं होईपर्यंत, हे हजार दिवस फार महत्त्वाचे, नंतर उंची भरून निघणं अवघड होतं.

पण खरं सांगू का, हे सगळं एकट्या आईला माहीत असून भागत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35 टक्के पोरं खुजी, म्हणजे वयाच्या मानानं बुटकी निघाली, एवढ्या सगळ्या आया काय अडाणी आहेत का? आमच्या दारात दोन म्हशी, पण सगळं दूध डेअरीला आणि अंडी पाहुण्यांसाठी, मी बोलले की लगेच 'आम्ही पोरं वाढवली नाहीत का'. शेवटी सासूबाईंनाच अंगणवाडीत घेऊन गेले, माप त्यांच्यासमोर घेतलं, ताईंनी तक्त्यावरचा ठिपका त्यांना दाखवला. त्या दिवसापासून धार काढली की आधी नातीचा तांब्या बाजूला, मग किटली डेअरीला. तुमच्या सासूबाईंनाही घेऊनच जा.