वही उघडून बसणे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

बडोद्याच्या रावपुऱ्यातील घरच्या फराळाला आता दुकानाचे रूप आले असून धंदा शिकवणाऱ्या कार्यशाळांवर पैसे खर्चावेत की नाही, असे तू विचारले आहेस. खर्चावेत, मात्र जिथे स्वतःचे आकडे घेऊन बसवतात, तिथेच. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, लेथ (धातू कातायचे यंत्र) टाकल्यावर मी एका मोठ्या हॉटेलातील दोन दिवसांच्या कार्यक्रमाला गेलो, प्रमाणपत्र घेऊन परतलो आणि सोमवारी पूर्वीच्याच अंदाजाने भाव दिले. (जेवण मात्र उत्तम होते.)

पुढे आम्ही सात जण महिन्यातून एकदा एकेकाच्या कारखान्यात जमू लागलो. तिथे एका छापखान्याच्या मालकाने माझी वही चाळून विचारले, "सळईचे वजन इथे आहे, पण कीस कुठे आहे?" सळई कातताना निघणारा पितळेचा कीस मी भंगारात विकत होतो, ते पैसे घरखर्चात जात आणि मालाच्या किमतीत मात्र अख्खी सळई धरली जाई, त्यामुळे माझे भाव चढे पडून कामे दुसरीकडे जात आणि मी बाजाराला दोष देत बसे. लेथवाल्यांपैकी कोणालाही हा प्रश्न सुचला नसता, कारण आम्ही सगळेच तसेच करत होतो. सयाजीरावांनी १८९० साली कलाभवन ही तंत्रशाळा उघडून या गावाला हाताने करून शिकण्याची सवय लावली. हिशेबही तसाच शिकायचा असतो, हे माझ्या उशिरा ध्यानात आले.

म्हणून तूही असाच गट जमव, मात्र त्यात दुसरा फराळवाला नसावा. समोरच्या दुकानदारापुढे कोणीही खरा आकडा सांगत नाही. पहिल्या बैठकीपूर्वी एवढे कर. चकलीच्या घाण्याआधी तेलासकट कढई काट्यावर ठेव, घाणा संपून तेल निवल्यावर पुन्हा ठेव आणि जो फरक येईल तो भाजणीच्या खर्चाशेजारी लिही. त्यात टाकून द्यावे लागणारे तेलही धर, कारण तळून तळून तेलातील ध्रुवीय संयुगे (तेल बिघडल्याचे माप) २५ टक्क्यांपुढे गेली की ते वापरता येत नाही, असा अन्नसुरक्षेचा नियम २०१८ पासून आहे.

कंपन्यांच्या दिवाळी ऑर्डरींची उधारीही मांड. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंद) असलेल्या लहान उत्पादकाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, फार तर ४५ दिवसांत चुकते करणे खरेदीदाराला बंधनकारक आहे. ते कसे मागायचे, हे गटातला एखादा पोळलेला माणूस वकिलापेक्षा नीट सांगेल.

बैठकीला चकल्या आणल्यास हरकत नाही, वही मात्र विसरू नकोस.

तुझा,
काका