वाचक विचारतात : उंच गाडी आणि ठेंगणा पूल

टेम्पो ट्रॅव्हलर, शाळेची व्हॅन, माल नेणारी बंद गाडी अशा उंच गाड्यांबद्दल वाचकांनी बरंच विचारलं आहे. छत घासणं, एसी उखडणं, पुलाखाली अडकणं या तक्रारी पुन्हा पुन्हा येतात. त्यातले पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : आमची सतरा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर आहे. माहितीपत्रकात उंची २.६ मीटर दिली आहे. नंतर छतावर एसी आणि कॅरियर बसवला. आता उंची किती धरायची? (नाशिक)

माहितीपत्रकातला आकडा बाजूला ठेवा आणि गाडी मोजा. सपाट फरशीवर, गाडी रिकामी आणि टायरमध्ये पूर्ण हवा असताना मोजायचं. भरलेल्या गाडीचे पाटे (चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग) दबतात आणि उंची काही सेंटीमीटर कमी भरते. तो आकडा लक्षात ठेवलात तर प्रवासी उतरल्यावर हीच गाडी त्याच कमानीला लागेल.

छतावरच्या सर्वांत उंच वस्तूवर ॲल्युमिनियमची सरळ पट्टी किंवा चौकोनी नळी आडवी ठेवा. ती दोन्ही बाजूंना छताच्या बाहेर यायला हवी. तिच्यावर गवंड्याची लेव्हल ठेवून पट्टी समतल करा, मग टोकाला ओळंबा सोडून जमिनीपर्यंतचं अंतर टेपने घ्या. दुसऱ्या टोकालाही तेच करा. दोन आकडे जुळले नाहीत तर फरशी तिरकी आहे किंवा पट्टी कललेली आहे. जागा बदलून परत मोजा. कॅरियरवर सामान बांधलं की त्या दिवसाची उंची वेगळी, हे चालकाला दर वेळी सांगावं लागतं. ताडपत्रीची गाठ आणि छताची उघडी राहिलेली खिडकीसुद्धा उंचीत धरा.

आलेला आकडा स्टिअरिंगसमोर ठळक चिकटवा, मीटर आणि फूट दोन्हींत : ‘२.९२ मी., ९ फूट ७ इंच’. इथे एक चूक फार होते. ९.५ फूट म्हणजे ९ फूट ५ इंच नव्हे, ९ फूट ६ इंच. तसंच २.४ मीटर म्हणजे आठ फूट नव्हे, जेमतेम ७ फूट १० इंच. गाडीची उंची नेहमी वरच्या इंचाला धरा आणि पुलाची खालच्या.

प्रश्न : हॉटेलच्या तळघराच्या तोंडाशी २.४ मीटरचा बोर्ड होता. गाडी २.३५ मीटर. आडवी लोखंडी पट्टी पार झाली, पुढचं छतही गेलं आणि उतार संपता संपता मधला एसी तुळईला लागला. असं कसं? (पुणे)

बोर्डावरचा आकडा सपाट जमिनीपासून मोजलेला असतो. उतार संपून जमीन सपाट होते त्या सांध्यावर मात्र पुढची चाकं खाली सपाटीवर असतात आणि मागची अजून उतारावर, म्हणजे उंचावर. दोन्ही चाकांच्या मधला भाग जमिनीपासून उचलला जातो. किती, ते काढायला सोपं आहे : दोन चाकांमधलं अंतर भागिले चार, गुणिले उतार. चाकांमधलं अंतर ४ मीटर आणि उतार दहास एक (दहा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर खाली) असेल तर चार मीटरचा चौथा भाग १ मीटर, त्याचा दहावा हिस्सा १० सेंटीमीटर. तुमच्या २.३५ मीटरच्या गाडीला त्या सांध्यावर २.४५ मीटर जागा हवी होती. उतार आठास एक असता तर साडेबारा सेंटीमीटर लागले असते. छोट्या मोटारीत चाकांमधलं अंतर अडीच मीटरच्या आसपास असतं, त्यामुळे तिला हा फरक फारसा जाणवत नाही, आणि रखवालदार मोटारींच्या अनुभवावरून ‘जाते की साहेब’ म्हणतो. पुढचं छत पार झालं म्हणून चालकही निर्धास्त होतो. घासतो तो मधला भाग, नेमका जिथे एसीचा डबा बसवलेला असतो.

आपल्याकडच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत तळघराची किमान उंची जमिनीपासून छतापर्यंत धरली आहे. त्याखाली आगीच्या पाण्याचे नळ, फवारे, हवेच्या वाहिन्या, शटरचा गुंडाळा असं बरंच लटकतं. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे : टेम्पो ट्रॅव्हलर तळघरात नेऊच नये. प्रवासी दारात उतरवा आणि गाडी उघड्यावर लावा. जायलाच हवं असेल तर गाडीच्या उंचीपेक्षा १५ सेंटीमीटर लांब काठी घेऊन आधी पायी उतरा, आणि सांध्यावर वर काय आहे ते नीट बघा.

प्रश्न : गावाजवळच्या जुन्या रेल्वे कमानीखालून आमची गाडी वर्षानुवर्षं जात होती. यंदा डाव्या बाजूला छत घासलं. बोर्ड तोच आहे. (सोलापूर जिल्हा)

दोन कारणं संभवतात. पहिलं, रस्ता वर आला. डांबराचा नवा थर साधारण ३ ते ५ सेंटीमीटरचा असतो. जुना थर न खरवडता दोनदा डांबरीकरण झालं की कमानीखालची सात-आठ सेंटीमीटर जागा जाते, आणि बोर्ड कोणी बदलत नाही.

दुसरं, गाडी मध्यभागी नव्हती. अर्धगोल कमान ५ मीटर रुंद असेल आणि २ मीटर रुंदीची गाडी बरोबर मधून गेली, तर छताच्या कडेवर कमान मध्यापेक्षा सुमारे २१ सेंटीमीटर खाली असते. समोरून दुचाकी आली म्हणून गाडी ८० सेंटीमीटर डावीकडे घेतली, की डाव्या कडेवर तीच कमान ७६ सेंटीमीटर खाली येते. कमानीखाली समोरच्याला आधी जाऊ द्या, मग रस्त्याच्या मधोमध, चालण्याच्या वेगाने जा. आत खड्डा किंवा गतिरोधक असेल तर गाडी उसळते, तेव्हा ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही हलके ठेवा. फोनवरचा नेहमीचा नकाशा तुमच्या गाडीची उंची विचारत नाही. त्याने दाखवलेला जवळचा रस्ता मोटारीसाठीचा असतो.

प्रश्न : गाडी पुलाखाली अडकलीच तर? (कल्याण)

ॲक्सिलरेटर सोडा, हँडब्रेक लावा, चारही दिवे लुकलुकते ठेवा. पुढे रेटायचा प्रयत्न केला की छताचा पत्रा आणखी दुमडतो. वरून दगड-काँक्रीट पडत असेल, धूर किंवा डिझेलचा वास येत असेल, खाली पाणी साचत असेल तर सगळ्यांना लगेच उतरवा. यातलं काही नसेल तर प्रवाशांना क्षणभर आत बसू द्या. ते उतरले की पाटे सैल होतात आणि गाडी आणखी घट्ट बसते.

आता मागची वाहनं कोणीतरी थांबवा आणि आलात त्याच वाटेने सावकाश मागे घ्या. हलत नसेल तर चारही टायरची हवा सारखी कमी करा, निम्म्यापर्यंत. दोन-चार सेंटीमीटर मिळतात आणि बहुधा तेवढे पुरतात. टायर रिमवर टेकू देऊ नका, आणि सुटल्यावर हवा भरेपर्यंत गाडी केवळ बाजूला घेण्यापुरती चालवा. एका बाजूचीच हवा सोडली तर गाडी कलते आणि दुसरी बाजू वर जाते.

पूल रेल्वेचा असेल तर धक्का किरकोळ वाटला तरी रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावर कळवा, जवळच्या स्टेशनलाही सांगा. गर्डर (पुलाची तुळई) जरासा सरकला असेल तर वरून गाडी जाण्याआधी त्यांना ते कळायला हवं. एसीच्या नळीतून फुसफुस आवाज येत असेल तर एसी बंद ठेवा.

प्रश्न : मुलगा बोस्टनला शिकतो. १ सप्टेंबरला घर बदलताना भाड्याचा ट्रक घेणार आहे. काय सांभाळावं? (ठाणे)

त्या दिवशी बोस्टनमध्ये हजारो भाडेकरू घरं बदलतात, आणि नदीकाठच्या स्टॉरो ड्राइव्हच्या पुलांना दर वर्षी ट्रक धडकतात. तिथली मर्यादा १० फुटांची, म्हणजे ३.०५ मीटर, मोठे बॉक्स ट्रक (बंद डब्याचे ट्रक) त्याहून उंच असतात. शिवाय तो रस्ता फक्त मोटारींचा आहे, त्यामुळे पुलाखालून जाईल एवढा ठेंगणा ट्रक असला तरी जायचं नाही. सोल्जर्स फील्ड रोड आणि मेमोरियल ड्राइव्हही टाळावेत. भाड्याच्या करारात छताच्या नुकसानाला अनेकदा संरक्षण नसतं, तेवढं कलम सही करण्यापूर्वी वाचायला सांगा.

नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमचा ११ फूट ८ इंचांचा रेल्वे पूल २०१९ मध्ये उचलून १२ फूट ४ इंच केला, सिग्नल आणि दिव्यांचे इशारे तर आधीपासूनच होते. तरी धडका थांबलेल्या नाहीत. ट्रकची उंची फुटांत लिहून स्टिअरिंगसमोर लावायला सांगा. मीटरची सवय असलेल्या मुलाची गफलत होते ती फुटांच्या बोर्डासमोरच.

ता. क. गणपतीच्या दिवसांत मांडवाच्या कमानी आणि आडव्या वायरी रातोरात येतात. कालचा मोकळा रस्ता आज मोकळा आहे असं धरू नका. लोंबती वायर बांबूने उचलून गाडी काढण्याची पद्धत धोक्याची आहे. ओला बांबू वीज वाहतो आणि वायर केबल टीव्हीची की विजेची हे खालून कळत नाही. रेल्वे फाटकाशी उंचीची लोखंडी चौकट ४.६७ मीटरला असते, तिच्याखालून ट्रॅव्हलर सहज जाते, पण पुढे २५,००० व्होल्टची तार आहे. सामान आवळायला तिथे कोणी कॅरियरवर चढू नये. वायर तुटून गाडीवर पडलीच तर आत बसून राहा, बाहेरच्यांना लांब थांबवा आणि वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत दार उघडू नका. आग लागली म्हणून उतरणं भागच पडलं तर गाडीला आणि जमिनीला एकाच वेळी स्पर्श होऊ न देता दोन्ही पाय जुळवून उडी मारा, आणि पाय जमिनीवरून न उचलता, छोटी छोटी घसटती पावलं टाकत दूर व्हा.