आधी नीट पाहा, उपमा मग

वर्णनात्मक लेखन आणि अलंकार शिकवण्याबद्दल वाचकांकडून बरेच प्रश्न आले. एकाच स्वरूपाचे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरं देत आहोत.

प्रश्न : सातवीच्या मुलांना 'पाऊस' किंवा 'बाग' असा विषय दिला की जवळजवळ प्रत्येक वहीत निसर्गरम्य, मनमोहक, नयनरम्य, विलोभनीय हेच शब्द येतात. हे शब्द वापरू नका म्हटलं तर मुलं काहीच लिहीत नाहीत. काय करावं?
– मराठीच्या एक शिक्षिका

उत्तर : मुलं अडतात, कारण तुम्ही शब्द काढून घेतले पण त्यांच्या जागी काही दिलं नाही. 'नयनरम्य' हा शब्द वस्तूबद्दल काहीच सांगत नाही. तो पाहणाऱ्याने दिलेला निकाल आहे. निकालाआधी पुरावा हवा, आणि 'बाग' एवढ्या मोठ्या विषयात मुलांना तो सापडत नाही. तेव्हा बाग काही दिवस बाजूला ठेवा आणि समोर एक वस्तू ठेवा: वाळलेलं पान, गंजलेलं कुलूप, ओली छत्री, झिजलेलं खोडरबर. कोरी, चकचकीत वस्तू नको. तिच्यावर वापराच्या खुणा नसतात, त्यामुळे लिहायलाही फारसं काही मिळत नाही. चार-पाच मुलांत एक वस्तू पुरते.

पहिली दोन मिनिटं पेन खाली, फक्त पाहायचं. मग आठ मिनिटं टिपणं. वाक्यं लिहायची नाहीत, सुटे शब्द आणि तुकडेच. प्रत्येकाची किमान बारा टिपणं व्हायला हवीत आणि त्यांतली सातपेक्षा जास्त डोळ्यांनी टिपलेली नकोत. ही अट घातली नाही तर रंग, आकार, लांबी-रुंदी झाली की मुलं थांबतात. पहिली पाच टिपणं सगळ्यांची सारखीच येतात. सातव्या-आठव्या टिपणापासून मजा सुरू होते, कारण सहज दिसणारं सगळं संपलेलं असतं आणि मूल वस्तू उलटून बघतं, नाकाशी नेतं, नखाने टोकरतं. म्हणून 'झालं सर, झालं बाई' असा गलका पाचव्या मिनिटाला झाला तरी वेळ कमी करू नका. (पाच इंद्रियांतली चव या वेळी सोडून द्या. कुलूप चाटून बघणारा एक तरी निघतोच.)

त्यानंतर बारातली चार टिपणं निवडून पाच वाक्यं लिहायची. इथे दुसरा खड्डा आहे: 'पानाचा रंग तपकिरी आहे. पानाला मातीचा वास आहे. पान खरखरीत आहे.' हा झाला इंद्रियांचा हजेरीपट. त्यावर दोन उपाय आहेत. टिपताना सगळी इंद्रियं वापरायची, पण लिहिताना दोन किंवा तीनच. आणि पाच वाक्यांत 'आहे'वर संपणारं वाक्य एकच चालेल. 'आहे' गेलं की मुलाला क्रियापद शोधावंच लागतं: 'देठापाशी तपकिरी रंग काळ्यात उतरतो. बोटाने दाबलं की शिरा तशाच राहतात, मधला भाग चुरा होऊन खाली पडतो.' या दोन वाक्यांत एकही अलंकार नाही, तरी पान समोर उभं राहतं.

'मनमोहक' वगैरे शब्दांवर बंदी मात्र घालू नका. ते दिसले की समासात एवढंच लिहा: 'काय दिसलं म्हणून?' उत्तर आलं की बहुतेक वेळा तो शब्द मूल स्वतःच खोडतं.

प्रश्न : माझ्या विद्यार्थ्यांना उपमेय (ज्याची तुलना करायची ते), उपमान (ज्याच्याशी तुलना करायची ते), समान गुण आणि साम्यवाचक शब्द तोंडपाठ आहेत. दिलेल्या ओळीतला अलंकार ते बरोबर ओळखतात. पण स्वतः उपमा करायला सांगितली की चंद्रासारखा चेहरा, कमळासारखे डोळे आणि बर्फासारखं पाणी. कुठे चुकतंय?
– माध्यमिक शाळेतील शिक्षक

उत्तर : ओळखण्याचा क्रम आणि घडवण्याचा क्रम उलटे आहेत. ओळखताना आपण आधी 'सारखा', 'प्रमाणे', 'परी', 'जसा' असा शब्द हेरतो आणि समान गुण शेवटी काढतो. घडवताना समान गुण आधी हवा. मुलं उपमेयावरून थेट उपमानावर उडी मारतात, म्हणून जे आधीपासून ओठांवर आहे तेच खाली पडतं.

पान हातात घेऊन हे असं करून बघा. एकच गुण निवडा आणि तो क्रियापदासकट लिहा: 'पानाच्या कडा आत वळल्या आहेत.' आता वहीत पान हा शब्द झाका आणि विचारा, आणखी कशाकशाच्या कडा आत वळतात? पाच गोष्टी लिहायला लावा. साधारणपणे यादी अशी येते: होडी, द्रोण, जळलेला कागद, आवळलेली मूठ, झोपलेल्या बाळाचा तळहात. पहिल्या दोन खोडा. त्या चुकीच्या असतात असं नाही, पण त्या सगळ्यांनाच सुचतात. उरलेल्या तिघांतून निवड भावावरून करायची. पान कडक, हट्टी वाटलं तर मूठ. जीव गेलेलं वाटलं तर जळलेला कागद. बाळाचा तळहात देखणा आहे, पण मऊ आहे. कुरकुरीत पानाला तो चालणार नाही. एका गुणासाठी आणलेलं उपमान आपले बाकीचे गुणही सोबत आणतं, हे मुलांना इथे आपोआप कळतं. व्याख्या पाठ करून ते कळत नाही.

चंद्र-कमळावर सोपी कसोटी अशी: 'कमळाबद्दल, तू स्वतः पाहिलेलं, दोन वाक्यं बोल.' बोलता आलं तर उपमा राहील, नाही आलं तर जाईल. बर्फासारख्या पाण्याला दुसरी कसोटी लावा. उपमा काढून टाका आणि वाक्य पुन्हा वाचा. 'पाणी थंड होतं' एवढंच उरत असेल आणि काहीही गमावल्यासारखं वाटत नसेल, तर उपमेने काम केलंच नव्हतं.

उपमा जमली की त्याच मालमसाल्यातून बाकीचे अलंकार घडवून घ्या. वेगवेगळी उदाहरणं देऊन अलंकार शिकवण्यापेक्षा हे कितीतरी सोपं जातं:

उपमा – पान मुठीसारखं आवळलं होतं.
उत्प्रेक्षा – पान म्हणजे जणू आवळलेली मूठच.
रूपक – पानाची मूठ उघडता उघडेना.
अपन्हुती – ते पान नव्हतंच, ती आवळलेली मूठ होती.
व्यतिरेक – मुठीपेक्षाही पान घट्ट आवळलेलं होतं.
चेतनगुणोक्ती – पानाने हट्टाने स्वतःला मिटून घेतलं होतं.

सहाही वाक्यं मोठ्याने वाचून घ्या आणि कोणतं शोभतं ते मुलांना ठरवू द्या. वाळक्या पानासाठी अपन्हुती फारच नाटकी वाटते, हे पोरं लगेच सांगतात. उत्प्रेक्षेबाबत एक सावधगिरी: 'जणू दिसलं की उत्प्रेक्षा' ही युक्ती ओळखण्यापुरती ठीक आहे, पण तीच डोक्यात बसली की लिहिताना मुलं कुठल्याही वाक्यात 'जणू' खोचतात. दोन गोष्टी सारख्या आहेत म्हटलं की उपमा. ही गोष्ट ती दुसरीच असावी अशी कल्पना केली की उत्प्रेक्षा. फरक कल्पनेत आहे, शब्द नुसती खूण आहे.

प्रश्न : माझी मुलगी उलट टोकाला गेली आहे. तिच्या निबंधात ओळीओळीला अलंकार असतो. बाई शाबासकी देतात, मला मात्र वाचवत नाही. किती अलंकार योग्य?
– एक पालक

उत्तर : तुमचा कान बरोबर सांगतोय. दीडशे शब्दांच्या वर्णनात दोन, फार तर तीन, आणि लागोपाठच्या वाक्यांत नकोत. पण नुसत्या संख्येने भागत नाही. हा नमुना पाहा:

'पावसाच्या धारा बाणांसारख्या कोसळू लागल्या. त्या मोत्यांनी झाडं सजली. आकाश जणू रडत होतं आणि धरती नवरीसारखी नटली होती.'

तीन वाक्यांत युद्ध, दागिने, शोक आणि लग्न. प्रत्येक प्रतिमा आधीचीला पुसते, त्यामुळे वाचणाऱ्याच्या मनात एकही टिकत नाही. मुलीला विचारा, यातलं तुला खरंच काय जाणवलं? पावसाचा मारा, असं ती म्हणाली तर बाण ठेवा, बाकीचं काढा आणि मोकळ्या झालेल्या जागेत साधा तपशील भरा: 'पावसाच्या धारा तिरप्या आल्या आणि पत्र्यावर बाणांसारख्या आदळल्या. खिडकीजवळची वही ओढून घेईपर्यंत पहिल्या पानावरची शाई पसरली होती.' दुसरं वाक्य अगदी साधं आहे, पण बाणाचा मार त्यातच लागतो.

खोडायला मुलं तयार होत नाहीत. म्हणून खोडलेल्या प्रतिमांसाठी वहीची शेवटची दोन पानं राखून ठेवू द्या. वाया गेली नाही म्हटलं की हात मोकळा होतो.

प्रश्न : मुलांचा शब्दसंग्रहच तोकडा आहे. वर्णनासाठी शब्दांची यादी पाठ करून घ्यावी का?
– शिकवणी घेणाऱ्या एक ताई

उत्तर : यादी द्या, पण विशेषणांची नको, क्रियापदांची आणि नादानुकारी शब्दांची द्या. या बाबतीत मराठी श्रीमंत आहे आणि निम्मे शब्द मुलांना बोलण्यातून आधीच येतात. ते फक्त लिहिताना आठवत नाहीत. एका वेळी पंधरा ते वीस शब्द पुरेत आणि ते जोडीने द्यावेत, म्हणजे फरक कळतो. रिमझिम आणि रिपरिप दोन्ही हलक्या पावसाच्याच, पण रिपरिप म्हटलं की कंटाळा आला. सळसळ पानांची, फडफड कापडाची किंवा पंखांची. खळखळ वाहत्या पाण्याची, टपटप थेंबांची. शिवाय 'पानांचा सळसळ असा आवाज आला' याऐवजी 'पानं सळसळली' लिहायला लावा. नामाचं क्रियापद झालं की वाक्य निम्म्याने आटोपतं आणि हलतंही.

रंगांच्या बाबतीत हिरवागार, पिवळाधमक, लालभडक, काळाकुट्ट या तयार जोड्यांची सवय असते. त्या सगळ्या टोकाच्या आहेत आणि प्रत्यक्षात टोकाचे रंग क्वचितच दिसतात. प्रत्येक रंगाची तीन पायऱ्यांची शिडी करून घ्या: हिरवट, हिरवा, हिरवागार, काळपट, काळा, काळाकुट्ट, पिवळसर, पिवळा, पिवळाधमक. मग समोरची वस्तू कोणत्या पायरीवर आहे ते विचारा. उत्तर बहुधा पहिल्या पायरीवरच सापडतं.

प्रश्न : 'स्वभावोक्ती'त उपमान नाही, कल्पना नाही, जसं आहे तसं वर्णन. मग तो अलंकार कसा, असं एका विद्यार्थ्याने विचारलं. काय सांगू?
– कनिष्ठ महाविद्यालयातील प्राध्यापक

उत्तर : त्याला सांगा की ही शंका जुनी आहे. संस्कृत साहित्यशास्त्रात दंडीने स्वभावोक्तीला अलंकारांत पहिलं स्थान दिलं, तर कुंतकाने तिला अलंकार मानायलाच नकार दिला. वस्तूचा स्वभाव हाच दागिना म्हटला, तर दागिना घालायचा कुणाला, असा त्याचा मुद्दा. मराठी व्याकरणाच्या पुस्तकांत स्वभावोक्ती अलंकार म्हणूनच येते.

शिकवण्याच्या दृष्टीने दंडीची बाजू जास्त उपयोगाची आहे. म्हणून वर्गातही क्रम तोच ठेवावा: आधी तीन-चार आठवडे नुसती स्वभावोक्ती, मग उपमा. विषय हलणारा निवडा, उदाहरणार्थ आळस देणारं मांजर किंवा दप्तर भरणारा मुलगा, आणि एकापाठोपाठ एक सहा हालचाली क्रमाने लिहायला सांगा. क्रम चुकला की मांजर उठण्याआधीच चालायला लागतं, आणि वर्ग हसतो. अशी चूक वेगळी समजवावी लागत नाही.

प्रश्न : 'डोळे मिटा, समुद्रकिनारा डोळ्यांसमोर आणा' असं मी सांगते. एक मुलगा दर वेळी म्हणतो, मला काहीच दिसत नाही. तो टाळाटाळ करतोय का?
– प्राथमिक शिक्षिका

उत्तर : कदाचित तो खरंच सांगत असेल. काही माणसांच्या मनात चित्र उमटतच नाही. न्यूरॉलॉजिस्ट ॲडम झेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली यासाठी 'अफँटेसिया' हा शब्द वापरला आणि तो रूढ झाला. हा आजार नाही आणि यामुळे लिहिणं अडत नाही, फक्त डोळे मिटण्याचा सराव निरुपयोगी ठरतो. त्या मुलाला छायाचित्र किंवा प्रत्यक्ष वस्तू द्या आणि प्रश्न बदला: 'काय दिसतं?'ऐवजी 'वाळूत पाय ठेवला की काय होतं? पुढच्या पावलाला काय होतं?' तसं पाहिलं तर हे प्रश्न साऱ्या वर्गालाच जास्त चांगले. मिटल्या डोळ्यांसमोर येणारा किनारा बऱ्याचदा कॅलेंडरवरचाच असतो.

प्रश्न : अशा लेखनाला गुण कसे द्यावेत? अलंकार मोजून गुण दिले की मुलं ते ठासून भरतात.
– मराठीचे एक शिक्षक

उत्तर : मग मोजू नका. दहा गुणांची एक विभागणी सुचवतो: नेमक्या तपशिलाला चार, क्रियापदं आणि शब्दांच्या निवडीला तीन, क्रम आणि काळ सांभाळण्याला दोन, अलंकाराला एक. क्रम म्हणजे पाहणारा कुठे उभा आहे ते ठरवून दुरून जवळ किंवा वरून खाली जाणं. काळाची चूक फार आढळते: सुरुवात 'ढग आले होते' आणि दोन ओळींनी 'वारा सुटतो'. अलंकाराचा एक गुणही असण्याला नाही, तो काम करण्याला. अलंकार नसूनही वर्णन उभं राहिलं असेल तर तो एक गुण देऊन टाका.

सगळ्या चुका लाल करू नका. प्रत्येक वहीत सर्वात चांगल्या वाक्याखाली एक रेघ आणि सर्वात ढिल्या वाक्यापाशी एक प्रश्न, बस. पुनर्लेखन पूर्ण निबंधाचं मागितलं की मुलं तोच मजकूर सुवाच्य अक्षरात उतरवून आणतात. फक्त तीन वाक्यं पुन्हा लिहायला सांगा, ती वर्गातच, पंधरा मिनिटांत, जुनं वाक्य वर आणि नवं त्याच्या खाली. तपासायला कमी वेळ लागतो आणि काय बदललं ते तुम्हालाही दिसतं, मुलालाही.