सुई उजव्या हातात का लावून घेतलीस?

अरे,

डेंग्यूने ॲडमिट आहेस आणि तिथून पाठवलेला फोटो बघितला. जेवणाचं ते चाकांचं टेबल, त्यावर लॅपटॉप, बाजूला वरण-भाताचा ट्रे झाकलेला तसाच, आणि उजव्या मनगटावर सलाईनची सुई. खाली लिहिलंयस "वर्क फ्रॉम हॉस्पिटल मॅडम" आणि दोन हसणारे चेहरे. मला काही हसू आलं नाही. आधी ती सुई बघितली आणि म्हटलं, हा टाईप कसा करतोय, मनगट वाकवलं की सलाईन अडणार, पंप टीं टीं करणार, सिस्टर येऊन ओरडणार, आणि बघता बघता नळीत रक्त उलटं चढलेलं दिसणार. तसंच झालं असेल, खरं सांग.

फोनवर हे सगळं बोलता आलं असतं पण फोनवर तू "हो मॅडम हो मॅडम" करतोस आणि तुला जे करायचंय तेच करतोस, म्हणून लिहिते. वरण-भात खाऊन झाल्यावर वाच.

आधी माझं सांगते, म्हणजे मी वरून उपदेश करत नाहीये हे कळेल. काही वर्षांपूर्वी महापेहून घरी येताना ट्रान्सहार्बर लोकलमध्ये बेंबीपाशी दुखायला लागलं, वाटलं दुपारचा वडापाव भोवला, ठाण्याला दहा नंबर प्लॅटफॉर्मला उतरेपर्यंत दुखणं उजवीकडे खाली सरकलं होतं आणि मला सरळ उभं राहता येईना. अपेंडिक्स. त्याच रात्री नौपाड्यात ऑपरेशन. तारीख होती सव्वीस, आणि मी पगाराचं बघायची. अठ्ठावीसला बँकेत फाईल जायलाच हवी. मग काय, ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी नवऱ्याला लॅपटॉप आणायला लावला. त्याने तोंड वाकडं केलं, पण आणला.

आता नीट वाच. मला तेव्हा अजिबात गुंगी वगैरे वाटत नव्हती. दुखण्यासाठी सलाईनमधून औषध चालू होतं, पण माझं डोकं लख्ख चालतंय असं मी शपथेवर सांगितलं असतं. फाईल उघडली, तीनदा तपासली (तीनदा!), पाठवली, आणि कसलं भारी वाटलं म्हणून सांगू, सिस्टरना पण सांगितलं की आज साडेतीनशे लोकांचा पगार तुमच्या वॉर्डातून झाला. फाईल मागच्या महिन्याची होती. नवीन लागलेल्या अकरा जणांना पगार नाही, आणि सोडून गेलेल्या दोघांना पूर्ण पगार. त्या अकरातल्या एकाचा घराचा हप्ता बाउन्स झाला, तो तीन दिवसांनी मला फोनवर इतकं हळू बोलला ना, ओरडला असता तर बरं झालं असतं. सोडून गेलेल्यांपैकी एकाने पैसे परत दिले. दुसऱ्याने फोनच उचलला नाही, आजतागायत.

घरी आल्यावर त्या दोन दिवसांत पाठवलेले मेल वाचले. एका मेलमधलं वाक्य सुरू झालंय आणि संपलेलंच नाही, मध्येच "रिगार्ड्स". दुसरा मेल एकाच माणसाला दोनदा, दोन वेगवेगळी उत्तरं. आणि पाठवताना मला काही म्हणजे काही खटकलं नव्हतं. थकलेल्या माणसाला निदान कळतं की आपण थकलोय. ताप आणि औषध यांच्यात ती भानगड अशी आहे की ज्या डोक्याने चूक तपासायची तेच डोकं बिघडलेलं असतं, म्हणून तिनदा काय तीसदा तपासलं तरी तेच दिसणार.

म्हणून "आराम कर, लॅपटॉप बंद कर" असं मी म्हणणार नाही. दुपारी दोन ते चार हॉस्पिटलात वेळ कसा सरकत नाही ते मला माहितीये, पंख्याची पाती मोजून होतात, समोरच्या आजोबांचा खोकला पाठ होतो. त्यात दोन ओळखीचे मेल दिसले की माणसाला आपण अजून माणसांत आहोत असं वाटतं. ते घे. पण ज्या कामाचं शेवटचं बटण दुसऱ्या कुणाच्या हातात आहे तेवढंच काम कर. टिकेट (कस्टमरची तक्रार) वाचून बाजूच्याला दोन ओळी सुचव, जुनी नोट नीट लिहून ठेव, कुणी विचारलं की ती फाईल कुठेय तर सांग. प्रॉडक्शनला, म्हणजे चालू सिस्टीमला, हात लावायचा नाही, कस्टमरला थेट उत्तर द्यायचं नाही, पैशाचं काही नाही, आणि कुणावर चिडून लिहिलेला मेल तर ड्राफ्टमध्येच राहू दे. पासवर्ड कुणाला सांगायचा नाही हे वेगळं सांगायला नको, आयटीला फोन करून, तुझं काम आता जी मुलगी बघतेय तिला ॲक्सेस द्यायला लाव, पाच मिनिटांचं काम आहे.

आता तुझ्या डेंग्यूबद्दल. मी डॉक्टर नाही, पण आमच्या घरात दोनदा येऊन गेलाय. तू लिहिलंस "ताप उतरला की उद्यापासून फुल डे लॉगिन करतो". नेमकं इथेच लोक फसतात. डेंग्यूमध्ये ताप उतरल्यावरचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तासच जास्त जपायचे असतात, रक्तातलं पाणी नसांबाहेर झिरपायला लागतं, रक्त दाट होतं, बीपी पडू शकतं, आणि वरून माणूस म्हणतो मला तर बरं वाटतंय. म्हणून ते सारखं रक्त काढतात, नुसत्या प्लेटलेट्स बघायला नाही, हेमॅटोक्रिट, म्हणजे रक्त किती दाट झालंय ते, बघायला पण. पोटात दुखायला लागलं, उलट्या थांबेनात, हिरड्यातून रक्त दिसलं, लघवी कमी झाली, उगाच अस्वस्थ वाटायला लागलं, तर मीटिंग चालू असली तरी बेल दाब. "मी जरा म्यूटवर जातो" असलं काही नको. आणि स्क्रीनने डोळ्यांच्या मागे ठणकायला लागलं म्हणून मित्राने खिशातून काढलेली गोळी घेऊ नकोस, आयब्युप्रोफेन आणि ॲस्पिरिन डेंग्यूत चालत नाही, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. ठणकतंय म्हणजे लॅपटॉप मिट, इतकं सोपं आहे.

(तुझी मावशी पपईच्या पानाचा रस घेऊन येणारच आहे. भांडू नकोस, पण आधी डॉक्टरांना विचार.)

डॉक्टरांच्या राऊंडचं पण एक सांगायचंय. ते तुझ्या कॉटपाशी जेमतेम तीन मिनिटं थांबतात. मी तेव्हा कानात हेडफोन घालून कॉलवर होते, सर्जन आले, मी त्यांना बोट वर करून "एक मिनिट" असं केलं. सर्जनला! ते हसले आणि पुढच्या पेशंटकडे गेले. परत आले ते रात्री नऊला, आणि संध्याकाळी मिळणारा डिस्चार्ज दुसऱ्या दिवसावर गेला. एका रात्रीचं बिल त्या कॉलसाठी भरलं, आणि कॉलमध्ये काय झालं ते आज मला आठवतही नाही. तेव्हा राऊंड होईपर्यंत लॅपटॉप कपाटात. प्रश्न आदल्या रात्री फोनमध्ये लिहून ठेव आणि आईसमोर विचार, तुला अर्धं ऐकू येईल, तिला अर्धं, मिळून पूर्ण होईल.

आता ऑफिस. तुमच्या टीम लीडने ग्रुपवर कुंबळेचा फोटो टाकला म्हणालास, जबड्याला पट्टी बांधलेला. बरं. २००२ साली अँटिग्वाला त्याने तुटलेल्या जबड्याने चौदा ओव्हर टाकल्या, लाराला पायचीत केलं, सगळं खरं, मी टीव्हीवर बघितलंय आणि अंगावर काटा आला होता. पण त्यानंतर तो विमानात बसून ऑपरेशनला बंगलोरला परत आला, ते कुणी फोटोखाली लिहीत नाही. आणि तो टेस्ट मॅच खेळत होता रे. तू टिकेट बंद करतोयस.

हे २०२० नंतर फार झालंय. तेव्हा लॅपटॉप घरात आला, मग बेडरूममध्ये आला, मग थेट कॉटवर. वाशीचं सिडको एक्झिबिशन सेंटर कोविडसाठी घेतलं होतं तेव्हा आमचा एक जण तिथून रोज सकाळच्या कॉलला यायचा, बोटाला ऑक्सिमीटर लावून, आणि आम्ही सगळे "काय डेडिकेशन आहे" म्हणायचो. मी पण म्हणायचे. त्याला कुणीतरी झोप म्हणायला हवं होतं, आणि ते माझं काम होतं.

तुझी भीती प्रोबेशनची आहे, कळतंय मला. आठ महिने झालेत, कन्फर्मेशन तोंडावर आलंय. मी इतकी वर्षं लोकांना कन्फर्म केलंय, काहींना नाही पण केलं, आजारपणामुळे एकालाही अडवलं नाही. लपवलं म्हणून मात्र अडवलंय, "चालू आहे चालू आहे" म्हणत राहिला आणि शेवटी कळलं की काहीच चालू नव्हतं. सगळेच मॅनेजर असे असतात असं मी म्हणत नाही, काही मनात धरतात, म्हणूनच तोंडी काही ठेवू नकोस. आज मेल टाक, चार ओळी: डेंग्यू आहे, ॲडमिट आहे, गुरुवारपर्यंत उपलब्ध नाही, माझं काम अमुककडे आहे आणि अर्धवट राहिलेलं या फोल्डरमध्ये आहे, गुरुवारचा रिपोर्ट बघून पुढचं कळवतो. बस. "अर्जंट असेल तर फोनवर आहे" हे वाक्य चुकूनही टाकू नकोस, ऑफिसात अर्जंट नसलेलं काही बघितलंयस का तू?

आणि एकतर रजा घे नाहीतर काम कर. रजा पण लावायची आणि रोज चार तास पण बसायचं, याचा अर्थ रजा कापली जाते आणि काम कुठेच दिसत नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात वर्षाला आठ दिवस पगारी कॅज्युअल लीव्ह आहे, कंपनीची सिक लीव्ह असेल तर ती वर, तुझं अपॉइंटमेंट लेटर काढून वाच. तुझ्या रूममेटचा पगार एकवीस हजारांच्या आत आहे ना, त्याचं ईएसआय (कामगार विम्याची वर्गणी) कापत असतील, त्याला सांगून ठेव की आजारपणात तिथून पगाराच्या सत्तर टक्के मिळतात, वर्षात एक्याण्णव दिवसांपर्यंत, ठरलेले दिवस वर्गणी भरलेली असली की. त्याला माहीतच नसणार. तुम्हा मुलांना पगाराच्या स्लिपमधला फक्त शेवटचा आकडा दिसतो.

कॉटवर बसून ऑनलाईन काहीतरी करायचंच आहे तर इन्शुरन्सचं कर, त्यात तुझे खरे पैसे आहेत. ई-कार्ड डाउनलोड कर, टीपीए डेस्कला (हॉस्पिटलातलं विम्याचं काउंटर) प्री-ऑथ, म्हणजे आधीच्या मंजुरीचा अर्ज, गेलं का आणि किती मंजूर झालं ते विचार, रूमच्या भाड्याला लिमिट आहे का ते पॉलिसीत बघ. लिमिट असेल आणि तू त्याच्या वरची रूम घेतलीस तर कापाकापी नुसत्या भाड्यात होत नाही, बऱ्याच पॉलिसींत डॉक्टरच्या फी वगैरेत पण त्याच प्रमाणात होते, आणि हे लोकांना बिलाच्या खिडकीपाशी कळतं. विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयने २०२४ च्या मे महिन्यात सांगून ठेवलंय की कॅशलेसच्या अर्जावर विमा कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जच्या मंजुरीवर तीन तासांत. आईला हे आकडे कागदावर लिहून दे. ती कराडहून रात्रीच्या एसटीने येऊन त्या काउंटरपाशी उभी राहते आणि समोरचा "प्रोसेसमध्ये आहे" म्हणतो, तिने "किती वाजता पाठवलंत?" एवढंच विचारलं तरी फरक पडतो.

बारीकसारीक: चार्जर लावताना सलाईनच्या पंपाचा प्लग काढू नकोस, एक्स्टेन्शन माग. कॅमेरा बंद, मागे बाकीचे पेशंट दिसतात, त्यांना काय हौस आहे तुमच्या रोजच्या स्टँडअप मीटिंगला यायची. बाथरूमला जाताना लॅपटॉप कपाटात टाकून किल्ली आईकडे. घणसोलीच्या रूमच्या टेरेसवर ते पिंप आहे ना पाण्याचं, उघडं असतं, रूममेटला आजच रिकामं करून घासायला सांग, डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या पाण्यात होतो आणि दिवसा चावतो, नाहीतर पुढच्या आठवड्यात तो तुझ्या शेजारच्या कॉटवर येईल.

घरी गेल्यावर पण दोन-तीन आठवडे अंगात ताकद नसते, जिना चढताना कळेल. पहिल्याच दिवशी लोकल पकडून महापेला जायची मर्दानगी नको, थोडे दिवस घरून करतो असं आत्ताच त्या मेलमध्ये टाकून ठेव.

शनिवारी चार वाजता व्हिजिटिंगला येते, मेतकूट-भात आणते, आईला विचारून ठेव काय चालतं. आणि सिस्टरना आज सांग, सुई बदलायची वेळ झाली की डाव्या हाताला लावा, कोपराच्या घडीत नको, मनगटाच्या जरा वर लावा.

उद्याचा प्लेटलेट्सचा काउंट आला की आकडा पाठव. फोटो नको.

— तुझी मॅडम